मामीचे नऊ मजले

माझी मामी चौदा महिने जमिनीवर आली नव्हती. ती राहते नवव्या मजल्यावर, गुडघे गेलेले, आणि बिल्डिंगची लिफ्ट बंद. एवढं साधं गणित. गंमत अशी की तिचा नवरा, म्हणजे माझा सख्खा मामा, लिफ्ट दुरुस्त करणारा. शेजारी म्हणायचे, "दिव्याखाली अंधार." त्यावर मामी म्हणायची, "दिवा असता तर अंधार दिसला असता. लाइट सकाळपासून गेलेत."

मी दोन गल्ल्या सोडून राहते आणि शाळेत भूगोल शिकवते. आमच्या पुस्तकात अजून छापलेलं आहे की तांब्याच्या उत्पादनात आपला देश जगात चौथा. पुस्तक बावीस वर्षांपूर्वीचं आहे. मुलं विचारतात, "बाई, आता कितवा?" मी सांगते, "परीक्षेत चौथा लिहा." खरं लिहिलं तर मार्क जातात, आणि मार्क गेले की आया माझ्याशी भांडायला येतात.

तांब्याचे दिवस मी लहानपणी पाहिलेत. पैसा नुसता वाहत होता. त्या पैशातून दहा-दहा, बारा-बारा मजली इमारती उठल्या आणि प्रत्येक इमारतीत परदेशी लिफ्ट बसली. लिफ्ट बाहेरची, तिची तार बाहेरची, बटणावरचा दिवासुद्धा बाहेरचा. इथे काय करायचं, तर बटण दाबायचं. मामा तेव्हा त्या परदेशी कंपनीत मेकॅनिक होता. निळा युनिफॉर्म, खिशावर कंपनीचं नाव. मामी खाणीच्या शिवणखात्यात कामगारांचे कपडे शिवायची. दोघांनी मिळून नवव्या मजल्यावरचं घर घेतलं. वरचा मजला म्हणजे प्रतिष्ठा. वारा येतो, लांबवर दिसतं, डास चढत नाहीत. तळमजल्यावर राहणाऱ्यांची तेव्हा कीव यायची.

मग तांब्याचा भाव पडला. खाणी बंद, शिवणखातं बंद, कंपनीचे साहेब एका आठवड्यात गेले. मामाला जाताना त्यांनी हत्यारांची पिशवी दिली आणि हस्तांदोलन केलं. शहरात तेव्हा दोनशेच्या वर लिफ्ट चालू होत्या. पुढची वीस वर्षं मामाने एकच उद्योग केला: एका लिफ्टचं काढून दुसरीला लावणं. बंद पडलेल्या हॉटेलातली तार काढून चालू असलेल्या शाळेला, ओस पडलेल्या ऑफिसातला ब्रेक काढून वृद्धांच्या वसतिगृहाला. प्रत्येक वेळी एक लिफ्ट मरायची आणि दुसरी चार-दोन वर्षं जगायची. आता सतरा चालतात. कुठली मरणार हे ठरवायचा तोच. त्याला कुणी हा अधिकार दिलेला नव्हता, पण दुसऱ्या कुणाला ते काम येत नव्हतं. त्यामुळे लोक त्याला रस्त्यात थांबवून नमस्कार करायचे आणि पाठ वळली की शिव्या घालायचे.

हल्ली उलटा न्याय आहे. तळमजल्याचं घर मिळायला ओळख लागते आणि नवव्या मजल्यावर फुकट राहा म्हटलं तरी कुणी येत नाही.

मामीने मात्र चौदा महिने रडगाणं गायलं नाही. शिलाई मशीन खिडकीपाशी ओढलं आणि दोरीला टोपली बांधून नऊ मजले खाली सोडली. लोक टोपलीत शर्ट ठेवायचे. कॉलर झिजली की ती उसवायची, उलटी करून पुन्हा शिवायची. आतली न वापरलेली बाजू बाहेर आली की शर्ट पाच वर्षं पुढे जातो. आमच्या शहरातल्या निम्म्या पुरुषांच्या कॉलरी मामीने उलटवलेल्या आहेत. आमच्या मुख्याध्यापकांचीसुद्धा. मीटिंगमध्ये ते ताठ मानेने बोलायला लागले की मला हसू आवरत नाही.

आता एका बोर्डाची गोष्ट सांगते. लिफ्टला एक बोर्ड असतो, हाताच्या दोन पंज्यांएवढा, त्यावर बारीक बारीक भाग. कुठल्या मजल्यावर थांबायचं, दार कधी उघडायचं, सगळं तो ठरवतो. मामीच्या बिल्डिंगचा बोर्ड विजेच्या झटक्याने जळाला होता, तेवढ्यासाठी सगळं अडलेलं. मागच्या वर्षी एका बंद हॉटेलातून मामाने तसाच चांगला बोर्ड मिळवला. कसा मिळवला ते विचारू नका. घरी आणला, जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि पलंगाखालच्या पेटीत ठेवला.

लगेच का लावला नाही? कारण गल्लीतला ट्रान्सफॉर्मर खराब होता. वीज कधी कमी, कधी एकदम जास्त. तसाच लावला असता तर हाही जळाला असता. वीज खात्याने सांगितलं, महिन्याभरात करतो. मामा मामीला म्हणाला, "ट्रान्सफॉर्मर झाला की दुसऱ्या दिवशी तू खाली."

मामीने चपला धुऊन दाराशी ठेवल्या.

इथे मामाची एक पद्धत सांगायला हवी. आमच्याकडे चांगल्या वस्तूला पाय फुटतात. म्हणून मामा चांगल्या भागावर चिठ्ठी लावायचा, "जळालेला". आणि खरंच जळालेल्यावर, "उत्तम, तपासलेला". चोरांनी आजवर त्याचा बराच कचरा फुकट वाहून नेला. घरात ही पद्धत मामीला आणि मला माहीत. पलंगाखालच्या टॉवेलवरही चिठ्ठी होती: "जळालेला, टाकून देणे."

ट्रान्सफॉर्मर झाला. महिन्याऐवजी चार महिन्यांनी, पण झाला. त्याच आठवड्यात बायकांच्या सरकारी दवाखान्याची लिफ्ट बंद पडली. चार मजली इमारत, ऑपरेशनची खोली सगळ्यात वर. अडलेल्या बाईला चौघं जण स्ट्रेचरवरून जिन्याने नेत होते. तिसऱ्या दिवशी एकाचा पाय घसरला. बाई आणि बाळ वाचले, पण थोडक्यात.

मामाने बोर्ड उचलला आणि दवाखान्याला लावून आला. मामीला काही बोलला नाही.

आठ दिवस तो टाळत होता. ट्रान्सफॉर्मरची अजून चाचणी चालू आहे, साहेब रजेवर आहेत, असं काहीबाही. नवव्या दिवशी मी वर गेले होते, पाठीवर पाण्याचा कॅन घेऊन. दम लागून बसले होते, तेवढ्यात मामीने झाडू मारता मारता पेटी ओढली.

"अहो, टॉवेल कुठे गेला?"

मामा खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "तो होय. जळालेला होता तो. टाकून दिला."

मामी झाडू टेकवून उभी राहिली. "वीस वर्षं तुमच्या चिठ्ठ्या वाचतेय मी. तुमचं जळालेलं म्हणजे काय, हे आता मला शिकवणार?"

या माणसाने शहरभरच्या चोरांना फसवलं होतं, आणि बायकोला फसवायला तीच युक्ती वापरली, जी तिला त्याच्याइतकीच पाठ होती. मामाचा चेहरा पडला. मग त्याने सगळं सांगितलं. दवाखाना, स्ट्रेचर, घसरलेला पाय. सांगताना तो माझ्याकडे बघत होता, जणू मी त्याचं वकीलपत्र घेतलंय.

मामीने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता ती म्हणेल, बरं केलंत, पुण्याचं काम केलंत. ती म्हणाली, "मला विचारलं का नाहीत?"

"विचारायचं काय? तू हो म्हणाली असतीस."

"म्हणाले असते की. पण म्हणाले असते ना मी. तोंड आहे मला. खाण बंद करताना कुणी विचारलं नाही. शिवणखात्याला कुलूप लावताना विचारलं नाही. रोज कुणीतरी वरून ठरवतं आणि वर सांगतं की तुम्ही समजूतदार आहात. ते लांबचे होते. तुम्ही पलंगाच्या दुसऱ्या बाजूला झोपता."

माझ्या मनात तर अगदी मामासारखंच आलं होतं, की यात विचारायचं काय. ते कबूल करायला आजही लाज वाटते.

"मी खाली जाणार," मामी म्हणाली.

"कशाला?"

"माझी लिफ्ट बघायला."

गुडघेदुखीवाल्याला विचारा, चढण्यापेक्षा उतरणं वाईट. डॉक्टरने तिला एका दिवसात एक जिना, त्याहून जास्त नाही, असं बजावलेलं होतं. मामीने ते शब्दशः घेतलं. रोज एक मजला उतरायचा आणि त्या मजल्यावर मुक्काम करायचा. नऊ मजले, नऊ दिवस. मामाने हात जोडले, मी ओरडले, काही उपयोग झाला नाही. एका पिशवीत दोन जोड कपडे, मलमाची डबी, सुईदोरा. पायरीवर बसायची, खालच्या पायरीवर पाय टेकायची, सरकायची, पुन्हा बसायची. मामा दोन पायऱ्या पुढे उलटा उतरत होता, हात पसरून. "बाजूला व्हा," ती म्हणायची, "मी पडले तर तुम्ही काय झेलणार? दोघांची हाडं एका पोत्यात भरावी लागतील."

आठव्या मजल्यावर डोळ्यांची डॉक्टरीण राहते. दवाखान्यात औषधं नाहीत, पगार वेळेवर नाही, म्हणून ती घरी बिस्किटं भाजून विकते. मामीने तिच्याकडे मुक्काम केला आणि आपले डोळे तपासून घेतले. डॉक्टरीण म्हणे दोन वर्षांत पहिल्यांदा घरी डोळे तपासायची पेटी उघडत होती; मामीला चष्म्याचा नंबर लिहून दिला आणि पंधरा बिस्किटं.

सातव्या मजल्यावर चारही घरांना कुलपं. सगळे परदेशी गेलेले. जाताना प्रत्येकाने मामीकडे किल्ली दिली होती, "दोन वर्षांत येतोच." मामीकडे अशा किल्ल्यांचा जुडगा आहे. तिने एक घर उघडलं. संध्याकाळी मी जाऊन बघते तर ही बाई दुसऱ्याच्या घरातली धूळ पुसत बसलेली. मी म्हटलं, "मामी, गुडघ्यांना आराम दे. ते काही यायचे नाहीत." म्हणाली, "नाही आले तर नाही. मी झोपणार त्या गादीवर धूळ नको."

पाचव्यावर खाणीतला इंजिनिअर. पंचाहत्तरीचा आहे, रेडिओवर रोज तांब्याचा भाव ऐकतो आणि पाटीवर लिहितो. बावीस वर्षं त्याचं एकच वाक्य: भाव वर येणार. मामीलाही त्याने तेच ऐकवलं. "येऊ दे वर," मामी म्हणाली, "मी तोवर खाली जाऊन येते." तो म्हणे इतका हसला की त्याच्या सुनेने धावत येऊन पाणी दिलं. जाताना मात्र त्याने मामीला विचारलं, "खाली गेल्यावर काय करणार?" मामी म्हणाली, "बघीन. चौदा महिने वरून लोकांची डोकी बघितली, आता तोंडं बघते."

मधले दिवस मी शाळेत असायचे. संध्याकाळी यायचे तेव्हा ज्या मजल्यावर मामी, तिथे गर्दी. एकाच जिन्याने जाणारे-येणारे लोक एकमेकांच्या घरात वर्षानुवर्षं गेले नव्हते, कारण दुसऱ्याची ओढाताण बघितली की आपली सांगावी लागते. मामीसाठी दार उघडावं लागलं. चौथ्यावरच्या बाईने तर उसना पंखा आणला होता, घरातला विकलाय हे दिसू नये म्हणून. मामीने तो पंखा चालू करायला नको म्हटलं, मला वाऱ्याने दुखतं म्हणाली. मामीला वाऱ्याने काही होत नाही.

तिसऱ्याच्या जिन्यात मी मामासोबत बसले होते. मी वैतागून विचारलं, "मामा, आपलं कधी नीट होणार?"

तो म्हणाला, "लिफ्ट मध्येच अडकली की आतली माणसं आधी ओरडतात, मग बटणं दाबतात. कुणी उड्यासुद्धा मारतं. कशानेच हलत नाही. वर मोटारीच्या खोलीत जाऊन एकाने ब्रेक सोडायचा आणि दुसऱ्याने हाताने चाक फिरवायचं. पन्नास वेळा फिरवलं की लिफ्ट हातभर सरकते. वेळ लागतो, पण माणसं बाहेर येतात." मग म्हणाला, "मी आतल्या माणसांना कधी विचारलं नाही, वर नेऊ की खाली. जवळचा मजला दिसला की तिकडे."

नवव्या दिवशी मामी जमिनीवर उतरली. फाटकापाशी उभी राहिली, दोन्ही पाय नीट टेकवले आणि म्हणाली, "रिक्षा बोलवा."

दवाखान्यात मामाला वाटलं, तिला एकदा लिफ्टमधून वर-खाली नेऊ. दारावर पाटी होती, फक्त रुग्णांसाठी. मामा दाराशी बसलेल्या बाईशी हुज्जत घालायला लागला, ही लिफ्ट माझ्यामुळे चालते वगैरे. मामीने त्याची बाही ओढली. समोरच्या बाकावर बसली. तासभर नुसती बघत होती. दार उघडायचं, पोटावर हात ठेवलेली कुणी आत जायची, दार मिटायचं, वरचा आकडा चौथ्यापर्यंत पेटत जायचा. एक पोरगेली आई बाळ घेऊन बाहेर आली आणि उन्हामुळे डोळे मिचकावत उभी राहिली. मामीने तिला बाकावर जागा करून दिली. शेवटी उठली आणि म्हणाली, "चांगली चालते. दार थोडं वाजतं, तेल घाला."

घरी आलो. मामा वर चढायच्या तयारीत, मी खुर्ची आणि चार पोरं शोधायच्या तयारीत, तिला उचलून न्यायला. मामी म्हणाली, "मी नाही येत. वर मी लिफ्टनेच येईन."

तळमजल्यावर पहारेकऱ्याची खोली रिकामी होती. पहारा द्यावा असं काही उरलं नव्हतं. ती झाडून घेतली. मशीन खाली आलं, टोपली बंद झाली. मामाही निमूटपणे तिथे राहायला आला. बोलणं सुरू झालं, पण बेताचं. "जेवायला या", "दार लावा", इतपत. असे अकरा महिने गेले. माझा मामा त्या अकरा महिन्यांत खंगला, हे मी सांगते, त्याने कधी सांगितलं नाही.

त्या काळात तो रोज शहराच्या दुसऱ्या टोकाला तंत्रशाळेत जायला लागला. तिथल्या मास्तरीणबाई आणि त्यांच्या विद्यार्थिनींनी जळालेल्या बोर्डांवरून नवा बोर्ड बनवायचं मनावर घेतलं होतं. मामा पूर्वी त्यांची टिंगल करायचा. आता पिशवीभर "उत्तम, तपासलेला" घेऊन जायचा आणि त्यांच्यासमोर उकलून ठेवायचा. तीन बोर्ड फुकट गेले, एकाने तर पेटून दाखवलं. पाचव्या महिन्यात एक दार उघडण्यापुरता चालला. अकराव्या महिन्यात एक पूर्ण चालला. ओबडधोबड, मूळच्या दुप्पट मोठा. पण लिफ्टची पहिली वस्तू, जी आम्ही कुठून काढली नाही, कुठून मागवली नाही, बनवली.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी आली: आमची दुसरी लिफ्ट कित्येक वर्षं बंद आहे, चालू असलेलीवर फार ताण येतो, हा बोर्ड आम्हाला द्यावा. पुढचा बोर्ड व्हायला आणखी चार महिने तरी लागणार होते.

रविवार होता, मी मामीकडेच होते. मामा आला. काखेत फडक्यात गुंडाळलेला बोर्ड, हातात चिठ्ठी. दारातच उभा राहिला. चिठ्ठी वाचून दाखवली, एक शब्द न गाळता. मग म्हणाला, "तिथेही बसेल, इथेही बसेल. कुठे लावू?"

मामीने मशीनवरचा पाय काढला. हातातली कॉलर अर्धी उलटलेली होती, ती मांडीवर ठेवली. माझं उत्तर तयार होतं. ती म्हणेल दवाखान्याला द्या, आणि मग मी शाळेत मुलांना सांगेन, बघा, अशी माणसं आहेत म्हणून देश टिकतो. आम्हाला दुसऱ्याच्या त्यागाची फार सवय झाली आहे.

"इथे लावा," मामी म्हणाली.

मामाने फक्त मान वर केली.

"त्यांची एक चालतेय," ती म्हणाली. "पुढचा त्यांना द्या, मी स्वतः चिठ्ठी लिहून कळवते. हा मला हवाय. मला घरी जायचंय."

मी वर्गात रोज मुलांना विचारते, मोठेपणी काय करणार. सगळे सांगतात, जाणार. कोण कुठल्या देशात, कोण कुठल्या. घरी जायचंय असं मी कितीतरी वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मला स्वतःचाच राग आला.

मामाने फडकं पुन्हा नीट गुंडाळलं, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि जिना चढायला लागला. मोटारीची खोली नवव्याच्याही वर, गच्चीत आहे. चौसष्ट वर्षांचा माणूस, पण त्या दिवशी पहिल्या मजल्यापर्यंत मला त्याची पावलं धावल्यासारखी ऐकू आली.

"सावकाश जा," मामीने खालून सांगितलं. मग मशीन बाजूला सारलं, पिशवी काढली आणि आपले कपडे घडी घालून तिच्यात भरायला लागली.